‘सायबरनाइफ’ : शस्त्राविना केले जाणारे किरणशल्य

मेंदूतील, फुप्फुसातील अथवा पाठीच्या कण्यातील गाठीसाठी मोठ्या शहरातील रुग्णालयात ‘सायबरनाइफ’ करून घेण्याचा सल्ला मिळालेला रुग्ण गावी परतला की बहुधा आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतो आणि विचारतो, “वैद्यराज, हे करून घेऊ का?” नावातील ‘नाइफ’ या शब्दाने तो स्वतः भ्यालेला असतो, तर ‘रोबो’ या शब्दाने घरातील तरुण मंडळी भारावलेली असतात. वस्तुतः या उपचारात सुरी नाही, छेद नाही, रक्तस्राव नाही. आणि यातील रोबो म्हणजे स्वतः निर्णय घेणारा यंत्रमानवही नव्हे. रुग्णाचा आपल्यावर विश्वास असल्यामुळे आपण दिलेल्या उत्तरावर पुष्कळदा पुढील सर्व गोष्टी ठरतात. म्हणून या उपचाराचे स्वरूप, त्याचे सामर्थ्य आणि विशेषतः त्याच्या मर्यादा प्रत्येक वैद्याला ठाऊक असणे इष्ट आहे.

उगम

शस्त्र न लावता किरणांनी शस्त्रकर्माचे कार्य साधावे, ही कल्पना स्टॉकहोम येथील मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांची. १९५१ साली त्यांनी ‘स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी’ ही संज्ञा प्रथम योजली. कल्पना अत्यंत सोपी आहे. एकच तीव्र किरणशलाका शरीरातून नेली, तर वाटेतील निरोगी धातूंचाही नाश होतो. परंतु शेकडो दुर्बळ शलाका वेगवेगळ्या दिशांनी नेऊन एकाच बिंदूवर मिळवल्या, तर प्रत्येक वाटेवरील इजा अल्प राहते आणि जेथे त्या एकत्र येतात तेथेच तीव्र परिणाम घडतो. या तत्त्वावर लेक्सेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र सिद्ध केले. कोबाल्ट ६० या किरणोत्सर्गी द्रव्याचे अनेक स्रोत एका शिरस्त्राणासारख्या रचनेत बसवलेले, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ साली आले.

गॅमा नाइफची अडचण एक होती. लक्ष्य तसूभरही ढळू नये म्हणून रुग्णाच्या कवटीला चार स्क्रूंनी धातूची चौकट घट्ट बसवावी लागे. (अलीकडच्या आवृत्तीत मुखवट्यावरही काम भागते.) कवटी हे कठीण अस्थींचे पात्र असल्याने मेंदूच्या बाबतीत ही युक्ती उत्तम चालली. पण यकृताला, फुप्फुसाला वा अष्ठीलेला चौकट कशी बसवणार? हे अवयव श्वासागणिक, आणि मलमूत्राच्या संचयानुसारही, आपली जागा बदलतात.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शल्यविशारद जॉन अॅडलर हे १९८५ साली लेक्सेल यांच्याकडे शिक्षणासाठी गेले होते. परतल्यावर त्यांनी हाच प्रश्न उलट बाजूने पाहिला. रुग्णाला जखडून ठेवण्याऐवजी यंत्रालाच लक्ष्याचा शोध घेत राहावयास लावले, तर चौकटीची आवश्यकताच उरणार नाही. या विचारातून सायबरनाइफ जन्माला आले. स्टॅनफर्डमध्ये १९९४ साली पहिल्या रुग्णावर त्याचा उपयोग झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्ये शिरोभागातील आणि २००१ मध्ये शरीरातील अन्य गाठींसाठी त्यास मान्यता दिली. भारतात चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात ते २००९ साली आले व नंतर अन्य काही शहरांतही त्याची सोय झाली.

पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे जे त्रिविध विभाग सांगितले, त्याच क्रमाने या उपचाराकडे पाहिले असता तो चटकन ध्यानात येतो.

यातील सर्वाधिक परिश्रम पूर्वकर्मात आहेत. रुग्णाच्या अंगाच्या आकाराचा साचा किंवा चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा तयार करतात. सीटी स्कॅन व बहुधा एमआरआय करून गाठीची, तसेच तिच्या शेजारील नाजूक अवयवांची सीमारेषा पटलापटलावर आखतात. मग किरणोपचारतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून गाठीला किती मात्रा द्यावयाची, शेजारच्या अवयवाला कितीच्या वर पोहोचू द्यावयाची नाही, हे निश्चित करतात आणि संगणक त्यानुसार शलाकांच्या दिशा ठरवतो. या कामाला काही दिवस लागतात. रुग्ण या काळाला ‘नुसते थांबवून ठेवले’ म्हणतो. प्रत्यक्षात उपचाराचे यशापयश बव्हंशी तेथेच ठरलेले असते.

मेंदूतील गाठीसाठी कवटीच्या हाडांच्या खुणा आणि कण्यासाठी मणक्यांच्या खुणा यंत्राला पुरतात. यकृत, अष्ठीला यांसारख्या मृदू अवयवांत मात्र क्ष-किरणचित्रात ठळक दिसेल असे काहीच नसते. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढे सोन्याचे काही कण सुईने गाठीत वा तिच्याजवळ ठेवतात आणि ते स्थिर व्हावेत म्हणून सुमारे आठवडाभर थांबून मग स्कॅन करतात. ‘सोने’ म्हटले की आपल्याला सुवर्णभस्म आठवणे स्वाभाविक आहे, परंतु येथे सोन्याचे कार्य औषधाचे नाही. ते शरीरात निष्क्रिय राहते आणि क्ष-किरणांत स्पष्ट दिसते, एवढ्याचसाठी त्याची योजना आहे. ‘अशस्त्र उपचार’ हे वर्णन अशा रुग्णांत पूर्णपणे खरे ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. फुप्फुसात असा कण ठेवताना क्वचित फुप्फुसाच्या आवरणात हवा भरण्याचा उपद्रव होऊ शकतो.

प्रधानकर्मात रुग्ण मेजावर निजून राहतो. मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग जोडणारा जो यांत्रिक बाहू असतो, त्याच जातीच्या बाहूच्या टोकाला एक लहान लिनिअर अॅक्सिलरेटर, म्हणजे क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र, बसवलेले असते. यात कोबाल्टसारखे किरणोत्सर्गी द्रव्य नसते. विद्युतप्रवाह बंद होताच किरणही थांबतात. बाहू रुग्णाभोवती एकामागून एक नेमलेल्या जागी जातो व तेथून शलाका सोडतो. बाराशेहून अधिक संभाव्य दिशांमधून शंभर ते दोनशे शलाका एका बैठकीत योजल्या जातात. छताला दोन क्ष-किरण नलिका असतात. त्या उपचार चालू असताना वारंवार चित्रे घेतात. संगणक ती मूळ स्कॅनशी ताडून पाहतो आणि लक्ष्य किंचित सरकले असल्यास बाहूही तितकाच सरकतो. हालचाल मर्यादेपलीकडे गेली तर यंत्र थांबते. ही सर्व अचूकता एक मिलिमीटरच्या आतबाहेर राखली जाते.

श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीची व्यवस्था विशेष कौतुकास्पद आहे. फुप्फुसाच्या खालच्या भागातील गाठ श्वासागणिक एक ते दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक वरखाली होते. रुग्णाच्या छातीवरील पट्ट्यावर लहान दिवे लावतात व कॅमेरा ते अखंड पाहत असतो. छातीचे उठणे आणि आतील गाठीचे सरकणे यांचा परस्परसंबंध संगणक बांधतो आणि बाहू रुग्णाच्या श्वासाच्या लयीत हलत राहतो. रुग्णाने श्वास रोखावयाचा नाही. संथपणे घेत राहावयाचा. प्राणायामाचा अभ्यास असणाऱ्याला हे सोपे जात असावे, असे आपले माझे अनुमान.

एक बैठक अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत चालते. भूल द्यावी लागत नाही, वेदना नाही, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. रूढ किरणोपचारात दररोज सुमारे २ ग्रे या मात्रेने पाच ते सात आठवडे जावे लागते. येथे एक ते पाच बैठकांत उपचार संपतो. रुग्णाच्या शरीरातून नंतर किरण बाहेर पडत नाहीत. नातवाला जवळ घेऊ का, हा आजोबांचा प्रश्न अगदी नेहमीचा आहे, आणि त्याचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे.

हे अग्निकर्म नव्हे

क्षार आणि अग्नी यांचे सामर्थ्य वर्णन करताना अग्नीने दग्ध झालेले व्याधी पुन्हा उद्भवत नाहीत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. यावरून किरणोपचार म्हणजे आधुनिक अग्निकर्म, असे समीकरण आपल्या व्याख्यानांतून वरचेवर ऐकू येते. ते टाळावे, असे मला वाटते. गाठीला एकाच बैठकीत २० ग्रे इतकी मोठी मात्रा दिली तरी त्या जागेचे तापमान अंशाच्या दोनशेव्या भागाइतकेही वाढत नाही. येथे दाह होत नाही. किरणांमुळे पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तुटतात. ते सांधता न आल्याने पेशी विभाजनाच्या वेळी नष्ट होते किंवा विभाजनच थांबवते. मोठ्या मात्रेत गाठीचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरही आघात होतो, असे मानले जाते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. अग्निकर्माचा परिणाम तत्काळ दिसतो, तर याचा परिणाम दिसण्यास आठवडे, महिने, सौम्य गाठींत कधी वर्षेही लागतात. सौम्य गाठ तर कित्येकदा आकाराने लहान होतच नाही, केवळ वाढावयाची थांबते. आणि तेच यश समजले जाते. समीकरणावर विसंबलेला वैद्य महिन्याभराने ‘गाठ तशीच आहे, उपचार फसला’ असे सांगून रुग्णाला हवालदिल करील.

मर्म आणि मर्यादा

अर्बुदाचे वर्णन करताना ते वर्तुळाकार, स्थिर, मंद वेदना करणारे, खोल मुळाचे, हळूहळू वाढणारे व न पिकणारे असते, असे सुश्रुताचार्य सांगतात. आणि मर्मस्थानी वा स्रोतसांत उत्पन्न झालेले, तसेच हलवता न येणारे अर्बुद असाध्य म्हणून वर्ज्य ठरवतात. शस्त्र जेथे पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी, मेंदूच्या तळाशी किंवा सुषुम्नेला लागून असलेल्या गाठीवर, सायबरनाइफचा विशेष उपयोग होतो, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. पण म्हणून किरणांना मर्माचे भय नाही, असे मुळीच नाही.

फुप्फुसाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अमेरिकेत इंडियाना येथे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या प्रारंभिक कर्करोगावर तीन बैठकांत ६० ते ६६ ग्रे इतकी मात्रा दिली गेली. गाठ परिघाकडे असलेल्या रुग्णांपैकी ८३ टक्के रुग्ण दोन वर्षांपर्यंत गंभीर उपद्रवापासून मुक्त राहिले. परंतु मुख्य श्वासनलिकांच्या जवळ गाठ असलेल्यांत हेच प्रमाण ५४ टक्क्यांवर आले. तेव्हापासून त्या नलिकांभोवतालचा दोन सेंटिमीटरचा प्रदेश विशेष जपला जातो. तेथे मात्रा कमी करून बैठका वाढवतात. चक्षुनाडीला एका बैठकीत साधारणतः ८ ते १० ग्रेच्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण दृष्टी गेली तर ती परत येत नाही. आधुनिक किरणोपचारतज्ज्ञाची मर्मगणना आपल्या एकशेसात मर्मांहून वेगळी असेल, परंतु जपणुकीची वृत्ती तीच आहे.

परिणामांविषयी बोलताना आकडे पूर्ण सांगावेत. शस्त्रक्रिया सोसू न शकणाऱ्या, परिघावरील प्रारंभिक फुप्फुसकर्करोगाच्या ५५ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तीन बैठकांच्या किरणोपचारानंतर तीन वर्षांनी मूळ गाठ ९७.६ टक्के रुग्णांत नियंत्रणात होती. जाहिरातींत हा आकडा असतो. त्याच अभ्यासात तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ५५.८ टक्के होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हे रुग्ण मुळातच दुर्बळ होते आणि काहींत रोग अन्यत्र प्रकट झाला. स्थानिक व्याधी जिंकणे आणि रुग्ण जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अष्ठीलेच्या कमी व मध्यम धोक्याच्या कर्करोगात मात्र चित्र फारच आशादायक आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ८७४ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात पाच बैठकांचा उपचार घेतलेल्यांपैकी ९५.८ टक्के आणि चार ते आठ आठवड्यांचा रूढ उपचार घेतलेल्यांपैकी ९४.६ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगाच्या पुनरुद्भवापासून मुक्त होते. या अभ्यासात सायबरनाइफ आणि अन्य आधुनिक लिनिअर अॅक्सिलरेटर ही दोन्ही प्रकारची यंत्रे वापरली गेली होती. म्हणजे ‘सायबरनाइफ नसेल तर उपाय नाही’ असे समजून रुग्णाने शेत विकावयास काढण्याचे कारण नाही. खासगी रुग्णालयातील खर्च लाखांत जातो. आपल्या गाठीसाठी अन्य यंत्रावर तितकाच चांगला उपचार होईल काय, हा प्रश्न रुग्णाने निःसंकोच विचारावा आणि तो विचारण्याचे धैर्य त्याला आपण द्यावे.

सर्वांत मोठी मर्यादा आहे ती आकाराची. गाठ जितकी मोठी, तितका तिच्या कडेच्या निरोगी भागाला पोहोचणारा किरणांचा अंश अधिक. म्हणून मात्रा कमी करावी लागते. मेंदूत पसरलेल्या दुय्यम गाठींसाठी अमेरिकेतील अभ्यासगटाने ठरवलेली एका बैठकीची कमाल मात्रा पाहा : दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे, तीनपर्यंत १८ आणि चारपर्यंत केवळ १५. दोन सेंटिमीटर वाढ होताच औषधाची मात्रा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते! सर्वांगात पसरलेला रोग, रक्ताचा कर्करोग, सीमारेषा न सापडणारी विस्तृत गाठ यांत या उपचाराचे प्रयोजन फारसे नाही. आकार म्हणजे काळ. आणि तो काळ पुष्कळदा आपल्या चिकित्सालयात व्यतीत होतो.

वैद्याच्या चिकित्सालयात

एका कानाने कमी ऐकू येणे व त्याच कानात नाद होणे, ही तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला बाधिर्य-कर्णनाद या निदानाखाली महिनोन्महिने कर्णपूरण, नस्य देण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. दोन्ही कानांचे वार्धक्यजन्य बाधिर्य वेगळे. परंतु लक्षण एकाच बाजूचे असेल तर श्रवणनाडीवरील सौम्य गाठीची शक्यता एमआरआय करून प्रथम दूर केली पाहिजे. ती गाठ लहान असताना सापडली तर काही वृद्ध रुग्णांत नुसते निरीक्षण पुरते, अन्य रुग्णांत किरणशल्याने भागते. सुमारे तीन सेंटिमीटरच्या पुढे जाऊन तिने मस्तिष्कस्तंभावर दाब दिला की कवटी उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तीच गोष्ट पाठदुखीची. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला, रात्री निजल्यावर दुखणे वाढणारा, अकारण वजन घटलेला रुग्ण कटिग्रहाचा म्हणून कटिबस्ती आणि मर्दनासाठी घेऊ नये. मणका पोखरलेला असल्यास मर्दनाने तो खचू शकतो. पायांतील शक्ती जाऊ लागली किंवा मूत्र अडले, तर तो तासांचा प्रश्न आहे, दिवसांचा नाही. प्रौढ वयात प्रथमच आलेला आक्षेपाचा झटका, पहाटेची डोकेदुखी व वांती यांनाही हाच न्याय लावावा.

औषधांविषयी एक गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मेंदूतील गाठीच्या रुग्णाला बहुधा सूज कमी करणारे डेक्सामेथासोन आणि आक्षेपप्रतिबंधक औषध चालू असते. आयुर्वेदीय औषध सुरू केले म्हणून ती थांबवण्यास सांगणे हा अक्षम्य प्रमाद होय. डेक्सामेथासोन एकाएकी बंद करणे तर जीवावर बेतू शकते. शिवाय आपली औषधे निरुपद्रवी असतात या समजुतीलाही मर्यादा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले की शंखपुष्पीयुक्त कल्पाने फेनिटॉइन या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते. ज्या रुग्णांचे आक्षेप सुस्थितीत होते ते पुन्हा उद्भवल्याने हा शोध सुरू झाला होता. उलट पिप्पलीतील पायपेरीन त्याच औषधाचे प्रमाण वाढवते. मेध्य म्हणून शंखपुष्पी आणि दीपन म्हणून त्रिकटु, दोन्ही आपण किती सहज लिहून देतो! तेव्हा आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाची नावे, भस्मे व रसकल्पांसह, रुग्णाच्या फाईलमध्ये लिहून द्यावीत. उपचाराच्या एक ते पाच दिवसांत रसायनद्रव्ये न दिल्याने काही बिघडत नाही. नंतरचा थकवा, अरुची, निद्रानाश, मलावरोध यांत आहारविहाराच्या नियोजनाने आणि सौम्य कल्पांनी आपण रुग्णाला खरोखरच साहाय्य करू शकतो. गाठ विरघळवण्याचे आश्वासन मात्र देऊ नये. त्याला पुरेसा आधार आज आपल्या हाती नाही.

उरले पश्चात्कर्म. ते वर्षानुवर्षे चालते आणि येथेच रुग्ण बहुधा सुटतो. मेंदूत काही महिन्यांनी किंवा वर्षादोन वर्षांनीही किरणांमुळे मृत झालेल्या भागाभोवती सूज येऊ शकते. फुप्फुसात काही महिन्यांत कोरडा कास, श्वास, ज्वर उत्पन्न होऊ शकतो. कण्यात उपचार झालेला मणका दबू शकतो. कासाला सितोपलादी देण्यापूर्वी, रुग्णावर छातीचा किरणोपचार केव्हा झाला होता, हे विचारावे. श्रवणनाडीची गाठ पहिल्या सहा ते अठरा महिन्यांत तात्पुरती फुगलेली दिसते आणि पुढे पूर्ववत होते किंवा लहान होते. या काळात एमआरआयच्या अहवालातील ‘आकार वाढला’ हे शब्द वाचून गर्भगळीत झालेला रुग्ण पुन्हा आपल्याच दारी येतो. त्याला नवी चिकित्सा सुचवू नये. आधीच्या सर्व स्कॅनच्या फिल्म व तबकड्या घेऊन, ज्या केंद्रात उपचार झाला तेथेच पाठवावे. जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना तेथील तज्ज्ञांनाच अचूक करता येते.